हिमशिल्पं घडताना पाहायची, तर तयारी अशी

वाशिम जिल्ह्यात आभाळातून बर्फ पडतो तो फक्त गारपिटीत, आणि गारपीट म्हणजे उभ्या हरभऱ्याचं, ओंबीवर आलेल्या गव्हाचं, मोहोरलेल्या आंब्याचं नुकसान. बर्फाचं कौतुक करावं असे प्रसंग इथल्या माणसाच्या वाट्याला फारसे येत नाहीत. हिवाळ्यात पहाटे पारा दहाच्या खाली घसरला की चौकाचौकात शेकोट्या पेटतात, पण दुपार व्हायच्या आत अंगातला स्वेटर काढून खुंटीला लागतो. अमेरिकेत किंवा कॅनडात मुलांकडे जाणारे आई-वडील म्हणूनच बहुधा तिकडचा उन्हाळा गाठतात. थंडी सोसणार नाही, चार महिने घरात कोंडून पडू, ही भीती असते. भीती खोटी नाही. पण त्या कडाक्याच्या दिवसांत तिकडे एक गोष्ट अशी घडते, जी उन्हाळ्यात कितीही डॉलर खर्चून पाहायला मिळत नाही. ती म्हणजे हिमशिल्पांची स्पर्धा.

माणसाच्या दुप्पट उंचीचा, दाबून घट्ट केलेला बर्फाचा ठोकळा. त्याच्याभोवती तीन-चार जणांचा संघ, हातात साधी हत्यारं आणि मोजून दिलेले दिवस. त्या ठोकळ्यातून घोडा निघतो, नाचणारी बाई निघते, कधी नुसत्या वळशांची एक गुंतागुंत निघते. जानेवारीच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत उत्तरेकडच्या थंड देशांत अशा स्पर्धा जागोजागी भरतात आणि त्यातल्या बहुतेक उघड्यावर, रस्त्यालगत किंवा बागेत असल्यामुळे पाहायला पैसे पडत नाहीत.

बेत ठरवताना सगळ्यात महत्त्वाची गोष्ट आधीच सांगायला हवी. निकाल लागल्यावर जाऊ नये, काम चालू असताना जावं. पाहुणे नेमकं उलट करतात. मुलांना सुट्टी शनिवार-रविवारी, निकालही त्याच सुमारास, म्हणून सगळे तेव्हाच गर्दी करतात आणि तयार शिल्पांसमोर फोटो काढून परततात. तयार शिल्पाचा फोटो वाशिमच्या घरात बसूनही मोबाइलवर दिसतो. ठोकळ्याच्या पोटात शिरून आतून बर्फ खरवडणारा माणूस, चुकीच्या जागी हत्यार लागल्यावर चौघांनी थांबून केलेला विचार, मध्यरात्री दिव्याच्या उजेडात चाललेली घाई हे पाहायला मात्र तिथेच उभं राहावं लागतं. म्हणून मुलाला किंवा सुनेला एखादा आडदिवस मोकळा ठेवायला सांगावं. जमलं तर दोन फेऱ्या माराव्यात, पहिली सुरुवातीच्या दिवशी आणि दुसरी शेवटच्या संध्याकाळी. एकच जमणार असेल तर शेवटून दुसरा दिवस निवडावा.

आता जायचं कुठे, ते मुलं कुठे राहतात यावर ठरतं. शिकागोकडे मराठी वस्ती जुनी आहे, तिथलं महाराष्ट्र मंडळ १९६९ पासूनचं. शिकागोहून गाडीने साधारण दोन तासांवर विस्कॉन्सिन राज्यात लेक जिनीव्हा नावाचं तळ्याकाठचं गाव आहे. अमेरिकेची राष्ट्रीय हिमशिल्प स्पर्धा तिथे भरते, वेगवेगळ्या राज्यांचे तीन-तीन जणांचे संघ येतात. मिनियापोलिसवाल्यांना स्टिलवॉटर जवळ पडतं. सेंट क्रॉय नदीकाठच्या या गावात २०२२ पासून जागतिक स्पर्धा भरू लागली आहे. कॅनडात ओटावाला १९७९ पासून विंटरल्यूड हा हिवाळी उत्सव होतो, आणि क्यूबेक शहराचा हिवाळी कार्निव्हल तर १९५५ पासून चालत आलेला आहे. चीनमधल्या हार्बिनचा पसारा सगळ्यांत मोठा. पण तिथे उणे २० ते उणे ३० अंशांची थंडी असते, आणि आयुष्यात पहिल्यांदाच बर्फ पाहणाऱ्या साठीपुढच्या माणसाने सुरुवात तिथून करू नये हे बरं.

एकच जागा निवडायची तर कोलोरॅडोतल्या ब्रेकेनरिजचं नाव घ्यावं लागेल. डेन्व्हरहून दीड-दोन तासांवर, डोंगरातलं जुनं खाणकामगारांचं गाव. जानेवारीच्या उत्तरार्धात तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धा होते. देशोदेशीचे साधारण डझनभर संघ येतात आणि प्रत्येकाला सुमारे १२ फूट उंचीचा, २५ टनांचा ठोकळा मिळतो. भारताचाही संघ तिथे जातो. २०२५ च्या स्पर्धेत ‘माइंड इन मेडिटेशन’ या ध्यानमग्न चेहऱ्याच्या शिल्पासाठी भारतीय संघाला तिसरा क्रमांक मिळाला. त्या संघात काश्मीरचे कलाकार होते. बर्फाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसांनी ते बक्षीस आणलं, याचा आनंद विदर्भातल्या माणसालाही व्हायला हरकत नाही.

ठोकळा कसा तयार होतो, ते जाण्याआधी ठाऊक असलं तर पाहण्यात गोडी येते. आभाळातून पडलेला ताजा बर्फ कोरण्याच्या कामाचा नसतो. तो हलका असतो, एका घनमीटरला साधारण १०० किलो, कधी त्याहूनही कमी, बाकी सगळी हवा. हातात घेऊन दाबला तरी पुष्कळदा भुरभुरून जातो. म्हणून स्पर्धेसाठी यंत्राने फवारून केलेला बर्फ आणतात. त्याचे कण बारीक आणि गोलसर असतात, घट्ट बसतात. लाकडी फळ्यांचा उंच साचा उभा करून त्यात हा बर्फ थराथराने ओततात आणि गावातले स्वयंसेवक आत उतरून बुटांनी तो तुडवतात. आपल्याकडे मातीच्या भिंतीसाठी चिखल तुडवत, तसंच हे काम. मग साचा काही काळ तसाच ठेवतात. त्या वेळात कणाकणांच्या टेकलेल्या जागा एकमेकींना चिकटून पक्क्या होतात, कुठलाही डिंक किंवा पाणी न घालता. फळ्या काढल्या की आत उभा राहिलेला ठोकळा इतका टणक असतो की त्याच्यावर चढून काम करता येतं, आणि तरीही करवतीने कापता येईल इतका मऊ.

ब्रेकेनरिजचे नियम कडक आहेत. विजेवर किंवा इंजिनावर चालणारं कोणतंही हत्यार चालत नाही. आतून लोखंडी सळई, लाकडाचा आधार, जाळी काहीही घालता येत नाही. रंग घालता येत नाही. जे उभं राहील ते नुसत्या बर्फाच्या बळावर. त्यामुळे प्रत्येक संघाचं हत्यारांचं खोकं पाहण्यासारखं असतं. लांब दांड्याच्या करवती, फावडी, पटाशी, हाताने फिरवायचे गिरमिट ही त्यातली ओळखीची मंडळी. त्यांच्या शेजारी कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी फळीवर ठोकून केलेली किसणी असते, घोड्याच्या अंगावरून फिरवायचा खरारा असतो, स्वयंपाकघरातली सोलाणी असते. बरीच हत्यारं संघांनी घरीच बनवलेली असतात. काम थांबवून जरा बाजूला आलेल्या कलाकाराला हत्याराबद्दल विचारलं तर तो बहुधा आनंदाने दाखवतो. भाषेची अडचण फार येत नाही, हाताच्या खुणेवर भागतं.

पहिल्या दिवशी पाहणाऱ्याला वाटेल की इथे नुसती मोडतोड चाललीय. मोठाले चिरे कापून खाली ढकलतात, फावड्याने ओढून नेतात. या दिवशी संघाजवळ ठेवलेला मातीचा किंवा मेणाचा छोटा नमुना शोधावा. तो नमुना आणि समोरचा ठोकळा आळीपाळीने पाहत राहिलं की कोणता कोपरा कशासाठी ठेवलाय ते उमगू लागतं. काही संघ नमुन्यावर आणि ठोकळ्यावर चौकटी आखतात आणि एकेक चौकट मोजून उतरवतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आरपार भोकं पडू लागतात. इथून पुढे धोका वाढत जातो. वरचं वजन खालच्या किती जाडीवर पेलेल याचा अंदाज कुणी लिहून दिलेला नसतो, तो हाताला असावा लागतो.

एक गोष्ट अगदी जवळ जाऊन पाहावी. एखाद्या पातळ पडद्यासारख्या भागावर काम चालू असेल तर ऊन त्या पडद्यामागून येईल अशा बाजूला उभं राहावं. जाड भाग पांढराच दिसतो, पण जिथे बर्फ काही बोटांवर आलाय तिथून निळसर उजेड झिरपायला लागतो. कलाकाराला तो उजेडच सांगतो की अजून किती खरवडायचं. एक जण आतून जाळीची किसणी हलक्या हाताने फिरवत असतो, दुसरा बाहेर उभा राहून हाताने ‘बस’ म्हणून खुणावतो. खाली साखरेसारखा भुगा पडत राहतो आणि निळा डाग हळूहळू मोठा होतो. वीस मिनिटं एका जागी उभं राहायची तयारी असेल तरच हे दिसतं, आणि वीस मिनिटं उभं राहता यावं म्हणूनच पुढे थंडीचा एवढा विस्तार केला आहे.

हिवाळ्यात तिकडे सूर्य दक्षिणेकडे खाली कललेला असतो. म्हणून शिल्पाची दक्षिण बाजू आधी झिजते. दुपारी संघ त्या बाजूला कापड किंवा ताडपत्री बांधतात आणि नाजूक काम रात्रीसाठी राखून ठेवतात. तुटलेला तुकडा जोडायला बर्फात पाणी कालवून लगदा करतात, तो थंडीत गोठला की सांधा धरतो. शेवटच्या रात्री बरेचसे संघ झोपतच नाहीत. पहाटेपर्यंत पाहायला थांबणं पाहुण्यांना झेपायचं नाही, पण रात्रीच्या जेवणानंतरची एक फेरी चुकवू नये.

आता थंडी. वाशिमच्या कपाटातले कपडे तिथे पुरत नाहीत. याचा अर्थ जाड एकच कोट घ्यावा असा नाही, थर हवेत. अंगाला लागून थर्मल, म्हणजे घाम शोषून न धरणारं पॉलिस्टरचं किंवा लोकरीचं आतलं कापड. त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर. सगळ्यात वर वारा आणि ओल अडवणारं जाकीट, कमरेच्या खाली येणारं. सुती बनियन, सुती मोजे, सुती पायजमा हे तिन्ही घरी ठेवावेत. सुती कापड घामाने ओलं होतं, ओलं राहतं आणि त्याच ओलीने अंग गार पडतं. तिकडची घरं, गाड्या, दुकानं आतून चांगली उबदार असतात. आत शिरताच वरचा थर काढावा, नाहीतर घाम येतो आणि बाहेर पडल्यावर तोच बाधतो.

आतले थर आणि लोकरी वस्तू इथूनच घेता येतात. हिवाळ्यात विदर्भातल्या शहरांत तिबेटी विक्रेत्यांची स्वेटरची दुकानं लागतात. गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ तिबेटी निर्वासितांची वसाहतच आहे. कानटोपी, मफलर, लोकरी मोजे तिथे चांगले मिळतात. वरचं जाकीट आणि बूट मात्र तिकडे पोचल्यावर मुलांबरोबर जाऊन घ्यावेत. तिथल्या थंडीचा अंदाज घेऊन केलेले ते असतात आणि जानेवारीत पुष्कळदा सवलतीत मिळतात.

बायकांच्या कपड्यांबद्दल स्पष्ट बोललेलं बरं. साडीवर कोट घालून निघण्याचा आग्रह धरू नये. साडीचा काठ रस्त्यावरच्या चिखलबर्फात भिजतो, भिजलेला काठ घोट्यांना लागत राहतो आणि घसरताना पाय त्यातच अडकतो. थर्मलवर लोकरी सलवार किंवा जाड पँट हा त्या दिवसापुरता उत्तम पोशाख. हळदीकुंकवाला साडी नेसायची हौस सभागृहात भागतेच.

पाय हा खरा कळीचा भाग. बूट पाणी न शिरणारे, तळाला खोल खाचा असलेले आणि नेहमीपेक्षा एक माप मोठे असावेत. दोन मोजे चढवून घट्ट बूट घातले की पायाला रक्त नीट पोचत नाही आणि एकाच मोज्यापेक्षा जास्त गारठा लागतो. हातमोजे निवडताना चार बोटं एकत्र राहतील असे घ्यावेत, बोटं एकमेकांना ऊब देतात. खिशात ठेवायच्या गरम पुड्या मिळतात, त्यांत लोखंडाची भुकटी असते आणि हवा लागली की ती तापते. त्या कपड्यावरून वापराव्यात, उघड्या कातडीवर तासन्‌तास ठेवू नयेत.

चालताना पावलं लहान टाकावीत, तळवा पूर्ण टेकवावा, हात खिशातून बाहेर ठेवावेत. पांढऱ्या बर्फापेक्षा काळसर, ओलसर दिसणारी फरशी जास्त धोक्याची, कारण वितळून पुन्हा गोठलेला पातळ थर डोळ्यांना दिसत नाही. मोकळे हात राहावेत म्हणून खांद्याची पिशवी नको, पाठीवरची घ्यावी. गुडघेदुखी असणाऱ्यांनी टोकदार तळाची काठी न्यावी. या वयात मोडलेलं मनगट किंवा खुबा सगळा प्रवास संपवतो, म्हणून इथे संकोच नको.

हवामानाचा आकडा वाचताना वाऱ्याचा वेग सोबत वाचावा. पारा उणे १० असेल आणि वारा ताशी ३० किलोमीटरचा असेल तर उघड्या कातडीला ते जवळपास उणे २० सारखं लागतं. आधी नाकाचा शेंडा, कानाच्या पाळ्या आणि बोटांची टोकं बधिर होतात. बोट पांढरं पडलं, स्पर्श कळेनासा झाला, तर लगेच आत जावं आणि ते काखेत किंवा कोमट पाण्यात गरम करावं. चोळू नये, बर्फ लावू नये, हीटरवर धरू नये. बराच वेळ रंग परतला नाही तर डॉक्टर गाठावा. दारूने ऊब येते हा समज चुकीचा आहे. कातडीकडे रक्त वाढल्याने गरम वाटतं, पण शरीरातली ऊब त्याच वाटेने बाहेर जाते.

ज्यांना मधुमेह आहे त्यांनी इन्सुलिन आतल्या खिशात, अंगाच्या उबेला ठेवावं. एकदा गोठलेलं इन्सुलिन वापरता येत नाही. साखर मोजायचं यंत्रही अति थंडीत चुकतं किंवा बंद पडतं, तेही आतच. तळपायाची संवेदना कमी झालेल्या मधुमेहींनी पायाला गारठा कळण्याची वाट न पाहता ठरावीक वेळाने उबेत जाऊन बोटं तपासावीत. दमेकऱ्यांनी नाका-तोंडावर मफलर घेऊन श्वास घ्यावा आणि पंप बरोबर ठेवावा. ब्रेकेनरिजला जाणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. ते गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९,६०० फुटांवर आहे, वाशिमहून जाणाऱ्याला ती उंची सवयीची नाही. डोकं दुखणं, मळमळ, झोप न लागणं हे पहिल्या दिवशी होऊ शकतं. आधी एक रात्र डेन्व्हरला काढावी, पाणी भरपूर प्यावं, पहिल्या दिवशी चढउतार टाळावा. हृदयाचा किंवा फुप्फुसाचा आजार असेल तर निघण्यापूर्वी इथल्या डॉक्टरांना विचारूनच हा बेत करावा, नाहीतर लेक जिनीव्हा किंवा स्टिलवॉटरसारखं सखल गाव निवडावं.

खाण्याची सोय आपल्याकडचीच उत्तम. स्पर्धांचे दिवस संक्रांत ते रथसप्तमीच्या आगेमागे येतात, आणि थंडीत अंगाला ऊब देणारं खाणं म्हणून तिळगुळाच्या लाडवाला तोड नाही. शेंगदाण्याची चिक्की थंडीत फार कडक होते, दातांचा प्रश्न असेल तर लाडूच बरे. थर्मासमध्ये आल्याचा चहा किंवा नुसतं गरम पाणी. दर पाऊण तासाने एखाद्या दुकानात किंवा कॅफेत शिरून दहा मिनिटं बसायचं, हे आधीच ठरवून ठेवावं. नको-नको म्हणत उभे राहणारे वडीलच पुढे तापाने आजारी पडतात.

नातेवाईक कुणी परदेशात नाहीत आणि तरी जायचंच आहे, अशांना जपानमधलं साप्पोरो सुचवावंसं वाटतं. तिथली सोय वयस्कर माणसाच्या दृष्टीने फार चांगली आहे. १९५० साली तिथल्या शाळांतल्या विद्यार्थ्यांनी ओदोरी बागेत बर्फाची सहा शिल्पं केली, तिथून हा उत्सव सुरू झाला. १९५५ पासून जपानच्या स्वसंरक्षण दलाचे जवान प्रचंड शिल्पं उभारू लागले. १९७२ चं हिवाळी ऑलिंपिक साप्पोरोत झालं आणि उत्सव जगाला कळला. १९७४ पासून तिथे आंतरराष्ट्रीय स्पर्धाही आहे. दरवर्षी फेब्रुवारीच्या सुरुवातीला हा सोहळा असतो. ओदोरी बाग सुमारे दीड किलोमीटर लांब पट्ट्यासारखी आहे आणि शिल्पं त्या पट्ट्यात ओळीने मांडलेली असतात. आंतरराष्ट्रीय स्पर्धेची जागा अकराव्या गल्लीपाशी, पश्चिमेच्या बाजूला. बागेच्या पूर्व टोकाला टीव्ही टॉवर आहे, त्याच्या ९० मीटरवरच्या सज्जातून संध्याकाळी दिवे लागल्यावर सगळी रांग एका नजरेत मावते.

साप्पोरोची मुख्य सोय जमिनीखाली आहे. रेल्वे स्थानकापासून ओदोरीपर्यंत उबदार भुयारी पादचारी मार्ग आहे, दुकानं आणि बसायच्या जागांसकट. अर्धा तास वर, पंधरा मिनिटं खाली असं करत दिवसभर फिरता येतं. बुटांना बांधायच्या खिळ्यांच्या पट्ट्या तिथल्या किरकोळ दुकानांतही मिळतात, पोचल्याबरोबर त्या घ्याव्यात. हॉटेलं मात्र या आठवड्यात भरलेली आणि महाग असतात, म्हणून आरक्षण पावसाळ्यातच उरकलेलं चांगलं. शाकाहारी माणसाने सुका खाऊ जास्तीचा न्यावा, कारण शाकाहारी दिसणाऱ्या रश्शातही तिथे बहुधा माशाचा अर्क असतो.

पासपोर्ट-व्हिसा शक्य नसेल तर देशातच बर्फाची ओळख करून घेता येते. गुलमर्गला २०२० पासून खेलो इंडियाचे हिवाळी खेळ होत आले आहेत. २०२२ मध्ये तिथे साडेसदतीस फूट उंच बर्फाचं इग्लू उभारून त्यात उपाहारगृह चालवलं होतं. बर्फ बांधकामाला कसा लागतो हे आत बसून पाहायची ती संधी होती. अकोला किंवा नागपूरमार्गे दिल्ली गाठून पुढे विमानाने श्रीनगर, हा सोपा रस्ता. जून २०२५ पासून कटऱ्याहून श्रीनगरला वंदे भारत गाडीही सुरू झाली आहे, त्यामुळे रेल्वेनेच जायचं म्हटलं तरी आता खोऱ्यापर्यंत पोचता येतं. दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आपल्याकडचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालतं, तेव्हा घरातल्या एकाचं तरी पोस्टपेड असावं. आणि बर्फ पडलेला असेलच असं धरून चालू नये. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्गचे उतार जवळजवळ महिनाभर कोरडे होते आणि हौसेने गेलेले लोक तपकिरी गवत पाहून परतले. जानेवारीच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ त्यातल्या त्यात भरवशाचा.

फोटोंबद्दल थोडंसं. थंडीत मोबाइलची बॅटरी भराभर उतरते, म्हणून तो आतल्या खिशात ठेवावा आणि फोटोपुरता बाहेर काढावा. पांढऱ्या पार्श्वभूमीला कॅमेरा फसतो आणि बर्फ राखाडी दिसतो. पडद्यावर बोट ठेवून उजेड किंचित वाढवला की तो पांढरा उमटतो. भर दुपारी शिल्पांचे उठाव दिसत नाहीत, सकाळच्या आणि उतरत्या उन्हात प्रत्येक खाच उभी राहते. घरात शिरण्यापूर्वी मोबाइल किंवा कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करावा, तो खोलीच्या उबेला येईपर्यंत उघडू नये, म्हणजे आत दव धरत नाही. ताजा बर्फ ऊन जवळजवळ सगळं परत फेकतो, त्यामुळे काळा चष्मा आणि तोंडाला उन्हाचं क्रीम थंडीतही लागतं. वाशिमच्या मे महिन्यात राबलेल्या माणसालाही तिथे चेहरा भाजल्याचं आश्चर्य वाटतं.

नातवंडं बरोबर असली तर त्यांना आधी बर्फात मनसोक्त खेळू द्यावं आणि मग शिल्पांकडे न्यावं. उलट क्रम केला तर दोरीपलीकडे हात जातोच. दोरी ओलांडू नये, टेकू नये, मुलाला शिल्पाच्या कठड्यावर बसवून फोटो काढू नये. बर्फ दिसतो त्यापेक्षा जड असतो, हातभर जाडीचा तुकडाही अंगावर पडला तर इजा करतो. बऱ्याच ठिकाणी प्रेक्षकांनाही मत देता येतं, आणि मुलांच्या पसंतीचं वेगळं बक्षीसही काही ठिकाणी असतं. ते मत देण्याआधी प्रत्येक शिल्पाभोवती पूर्ण फेरी मारावी. समोरून देखणं दिसणारं शिल्प मागून सपाट असेल तर संघाने वेळ किंवा हिंमत राखून ठेवली असं समजावं. जे चारही बाजूंनी वेगळं दिसतं आणि वरचा भार इतक्या कमी जागेवर पेलतं की पाहणाऱ्याचा श्वास अडकतो, त्याला मत द्यावं.

निघण्याच्या आदल्या रात्री आयोजकांच्या संकेतस्थळावर एकदा नजर टाकावी. उबदार वारे सुटले किंवा पाऊस आला तर वेळापत्रक बदलतं, आणि कमकुवत झालेली शिल्पं सुरक्षेसाठी निकालाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीही पाडतात. साप्पोरोत तर उत्सव संपल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच यंत्रं येतात आणि दोन-तीन मजली शिल्पं काही तासांत जमीनदोस्त होतात. ते पाहायलाही माणसं मुद्दाम जमतात. परतीचं विमान संध्याकाळचं असेल तर सामान हॉटेलात ठेवून तेवढा एक तास तिथे जरूर काढावा. यंत्राचा दात शिल्पात घुसला की आतले थर, तुडवलेल्या बर्फाच्या एकावर एक रेघा, पहिल्यांदाच उघडे पडतात.